पलीकडच्या काठावर भटू

सुकदेवला ऐकू येत नाही, हे फक्त भटूला ठाऊक होतं.

सुरतजवळच्या भेस्तानच्या एका कापडखात्यात दोघांचे लूम समोरासमोर होते, एकोणीस वर्षं. खातं म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा लांबलचक हॉल. त्यात छत्तीस लूम, आणि ते सगळे एकदम चालायला लागले की माणसाने माणसाच्या कानात ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून कारीगर हातांनी बोलत. तळहात खाली दाबला की थांब. मूठ गोल फिरवली की चालू कर. अंगठा ओठाला लावला की चहा. शेठ येताना दिसला तर कपाळावर उभं बोट, कारण शेठ लांब टिळा लावायचा. बाकीचं ओठांवरून वाचायचं. सुकदेव त्यात इतका तरबेज झाला की आपले कान कधी गेले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. उजवा पार गेला होता. डाव्याला ट्रकचा हॉर्न तेवढा यायचा. घरी बायको, मनीषा, समोर असली की तो तिच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचा. ती पाठमोरी असली की गप्प. ती शेजारणींना सांगायची, वय झालं तसा हा माणूस घुम्या झाला. सुकदेवला ते चालायचं. बहिरा म्हणण्यापेक्षा घुम्या बरा.

भटूला कळलं ते एका दुपारी, लाइट गेल्यावर. सगळे लूम बंद, खात्यात शांतता, आणि सुकदेवच्या मागेच गाडीवरून लोखंडी बीम धाडकन फरशीवर पडला. सगळे दचकून वळले. सुकदेव सुपारी कातरत राहिला. भटू त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बडबड्या, खात्यातल्या सगळ्यांच्या नकला करणारा. पण ही गोष्ट त्याने कोणाकडे काढली नाही. त्या दिवसापासून कोणी सुकदेवला मागून हाक मारली की भटू आपलं कोपर त्याच्या कोपराला लावायचा. तेवढंच.

गणपती गेल्यावर शेठने वायरिंगच्या कामासाठी खातं तीन दिवस बंद ठेवलं. तेव्हा डांगच्या जंगलात धबधबा बघायला जायचं भटूनेच काढलं. त्याची बायको शोभा सुरतला येऊन अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ती नवागामच्या खोलीतून उधना स्टेशनवर आणि तिथून गावाला, एवढाच प्रवास करायची. डुमसला दोनदा समुद्र बघितला होता, तोही ओहोटीचा. मुलं आजीकडे गावाला शिकत होती. भटू म्हणाला, चौघं जाऊ. नवागामचाच एक ओळखीचा जीपवाला त्या वाटेने आहव्याला भाडं घेऊन जातो, तो सोडेल आणि संध्याकाळी घेईल.

मंगळवार होता, धबधब्याकडे जाणाऱ्या जंगलातल्या उद्यानाच्या फाटकाशी दुसरं कोणी नव्हतं. फाटकातल्या बाईने वहीत नावं लिहिली आणि तीच वाट दाखवायला पुढे निघाली. तिचं नाव जमनाबेन. चाळिशीची, काटक, पायांत रबरी चपला, गळ्यात शिट्टी. निघताना तिने हात हलवून काय काय सांगितलं. ती डांगीत बोलत होती. डांगी यांच्या खानदेशी अहिराणीला जवळची, पण तिच्या गालात तंबाखू होती. सुकदेवला चारातला एक शब्द लागला. त्याने मान डोलावली.

वाट तीन किलोमीटरची, सागाच्या आणि बांबूच्या रानातून चढत जाणारी. सागाच्या पानांची किडीने जाळी झाली होती. तांबडा चिखल चपलांना धरून बसत होता. दोन ठिकाणी ओहोळ ओलांडावे लागले, तेव्हा शोभाने लुगडं वर खोचलं आणि भटूचा खांदा धरला. एरवी लोकांसमोर नवऱ्याच्या खांद्याला हात लावणारी ती बाई नव्हे. मनीषाने ते बघून सुकदेवकडे पाहिलं आणि हसली. ऊन पडलं होतं. वर डोंगराच्या माथ्यामागे काळं दिसत होतं, पण ते लांब होतं.

धबधबा आला तो आधी सुकदेवच्या छातीत आला. दगडावर पाय ठेवला आणि खालून थरथर चढली, अगदी खात्याच्या फरशीसारखी. वळण घेतल्यावर पाणी दिसलं. कड्यावरून सरळ खाली, जाड आणि पांढरं. खाली डोह, डोहातून वाहणारा रुंद ओढा, ओढ्याच्या पलीकडे उभा कातळ. मनीषाने तोंड उघडून काहीतरी म्हटलं, शोभाने कानाला हात लावून 'काय?' विचारलं, दोघींना एकमेकींचं काही कळेना. भटूने सुकदेवकडे बघितलं. त्याच्या ओठांवर सुकदेवने वाचलं :

"आपलं खातं इथं बी चालू शे रे नाना!"

आणि त्याने अंगठा ओठाला लावला. चहा. सुकदेव पोट धरून हसला. कितीतरी वर्षांनी तो अशा जागी आला होता जिथे सगळेच त्याच्यासारखे होते.

खडकावर बसून त्यांनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेव खाल्ली. जमनाबेनलाही दिली. खाऊन हात धुताना भटूची नजर पलीकडे गेली. कातळाच्या पायथ्याशी दगडांची एक अरुंद पट्टी होती, आणि तिथल्या झुडपावर करटुल्यांचा वेल चढलेला. हिरवी काटेरी फळं इथूनही दिसत होती. भटूने शेवेची पिशवी झटकली.

"कथा चालनात हो?" शोभाने त्याच्या कानाशी येऊन विचारलं, कुठे निघालात.

"आत्ते येस. सांजले भाजी व्हई जाई."

पाणी घोट्याच्या वर नव्हतं. तो दहा-बारा पावलांत पलीकडे पोचला, वळून हात केला, आणि पाठमोरा होऊन फळं तोडायला लागला. दोघी बाया पाण्याला लागून असलेल्या सखल खडकावर पाय सोडून बसल्या. जमनाबेन थोडी वर झाडाखाली होती.

बदल पहिल्यांदा तिलाच दिसला. ती एकदम उठली. ओढ्यात काड्या आणि सुकी पानं यायला लागली होती आणि स्वच्छ पाणी दुधाच्या चहासारखं होत होतं. तिने शिट्टी वाजवली. गाल फुगलेले सुकदेवला दिसले. भटू तसाच पाठमोरा. त्याच्याही कानांनी एकोणीस वर्षं खातं सोसलं होतं, आणि त्या पाण्यापुढे चांगल्या कानाच्या माणसालाही शिट्टी ऐकू आली नसती. जमनाबेनने खडा उचलून भिरकावला. तो कातळावर आपटला तेव्हा भटूने मान वळवली.

जमनाबेनने सुकदेवचा दंड धरला. या दोघांना हातांनी बोलताना तिने सकाळभर बघितलं होतं. ती त्याच्याकडे तोंड करून ओरडली, आणि बोलता बोलता तिचं तोंड वर, पाण्याकडे वळलं. सुकदेवला ओठांवर दिसलं ते एवढंच : थांब.

पलीकडून भटूने दोन बोटांनी चालण्याची खूण केली. येऊ का?

सुकदेवने तळहात खाली दाबला. थांब.

भटू थांबला. एक पाय पाण्यात टाकलेला, तो त्याने मागे घेतला.

जमनाबेन तोपर्यंत बायांकडे धावली होती. खालच्या खडकावरून तिने दोघींना अक्षरशः ओढून वर काढलं. शोभाची एक चप्पल गेली. जमनाबेन मागे वळली तेव्हा भटू अजून पलीकडेच होता आणि मधलं पाणी मांडीला लागेल एवढं झालं होतं. तिने कपाळावर हात मारला. मग दोन्ही हात आडवे हलवून भटूला सांगितलं की आता उतरू नको, वर चढ. वर चढायला जागा नव्हती. कातळ सरळ होता. एक कमरेएवढा दगड होता, भटू त्यावर चढून कातळाला पाठ लावून उभा राहिला. जमनाबेनने दोराची खूण केली आणि ती फाटकाच्या दिशेने पळत सुटली. जायला-यायला, कितीही पळालं तरी, पाऊण तास.

पुढचं सगळं दोन काठांवरून हातांनी बोलून झालं.

भटूने मनगटावर बोट ठेवलं. किती वेळ?

सुकदेवने दहा बोटं दाखवली. का दाखवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. दहा मिनिटांत काही होणार नव्हतं हे त्याला माहीत होतं.

भटूने मान हलवली. करटुल्यांची पिशवी त्याने अजून धरली होती. ती त्याने वर करून दाखवली आणि दात काढले. शोभा सुकदेवची बाही ओढत होती. "काय सांगी ऱ्हायनात ते? नाना, काय सांगी ऱ्हायनात?" सुकदेवने तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, दोर येतोय, भिऊ नको म्हणतोय.

पाणी दगडाच्या अर्ध्यावर आलं. मग वर. मग भटूच्या घोट्यांवर. पिशवी त्याने सोडून दिली. आता तो हसत नव्हता. मनीषाने दोन लुगड्यांचे पदर एकमेकांना बांधून बघितले, ते ओढ्याच्या अर्ध्यापर्यंतही पुरले नसते. सुकदेव दोनदा पाण्यात उतरला. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत गेला आणि पाण्याने त्याला उचलून दगडावर आपटलं. मनीषाने त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. वर आला तर भटू त्याला तळहात दाबून दाखवत होता. थांब. तू येऊ नको.

मग भटूने शोभाकडे बोट केलं, आणि आपला हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. पुन्हा शोभाकडे बोट, पुन्हा डोळ्यांवर हात.

खात्यात अशी खूण नव्हती. पण सुकदेवला कळलं. त्याने शोभाला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं, तिचं तोंड मनीषाच्या छातीत दाबलं. शोभा सुटायला धडपडत होती, त्याच्या हातावर नखं मारत होती. तो बघत राहिला, कारण कोणीतरी बघायला हवं होतं. वरून एक अख्खं झाड आलं, मुळांसकट. ते कातळाला घासत गेलं, आणि ते गेल्यावर दगडावर कोणी नव्हतं.

जमनाबेन दोर घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता. तिने पलीकडे बघितलं आणि दोर खांद्यावरून काढलाच नाही.

भटू दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, चार किलोमीटर खाली, उंबराच्या मुळांत अडकलेला. फाटकाजवळच्या पडवीत पोलीस चौकीचा जमादार पंचनाम्याचे कागद लिहीत बसला. शोभाला आत खाटेवर निजवलं होतं. जमनाबेनचा जबाब चालला होता आणि ती सुकदेवच्या बरोबर समोर होती, त्यामुळे त्याला प्रत्येक शब्द दिसला.

"मी ह्या भाऊला बोलली, थांबू नको म्हण, येऊ दे. तेव्हा पाणी घोट्याला होतं. तो चालत आला असता. ह्याने हात दाखवून त्याला थांबवलं."

थांबू नको. सुकदेवने मनातल्या मनात ते ओठांवर आणून बघितलं. थांब, आणि मग ती वळली होती.

जमादाराने त्याच्याकडे मान केली. "सुकदेव दगा पाटील? तमे शुं सांभळ्युं? काय ऐकलं तुम्ही?"

आत शोभा होती. दारात मनीषा उभी होती.

"ती थांब म्हणाली," तो म्हणाला.

त्यात त्याच्या दृष्टीने खोटं काही नव्हतं, आणि तरी ते खोटं होतं, हे शब्द बाहेर पडतानाच त्याला कळलं. जमनाबेन त्याच्याकडे बघत राहिली. नंतर ती उठून त्याच्या मागे गेली. मागे जाऊन तिने काय केलं ते सुकदेवला कधी दिसलं नाही. मनीषाला दिसलं. जमनाबेनने त्याच्या पाठीशी उभं राहून तीनदा जोरात टाळी वाजवली होती आणि तो कागदाकडे बघत बसला होता.

परतीच्या वाटेत शववाहिनीच्या मागे जीपमध्ये बसून मनीषाने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुम्हले काहीच आयकू येत नही ना? कवपासून?"

त्याने बोटांनी दाखवलं. आठ. कदाचित नऊ.

"आठ वरीस मी भितडासंगे बोली ऱ्हायनू," ती म्हणाली, आणि त्याची हनुवटी सोडली.

दहावा झाला, तेरावा झाला. खातं सुरू झालं. भटूच्या लूमवर ओडिशाचा एक कारीगर उभा राहिला, चांगला होता, त्याच्या खुणा वेगळ्या होत्या. शोभाला भेटायला गावाहून माणसं येत, तेव्हा ती प्रत्येकाला तेच सांगे. त्या बाईने थांबायला सांगितलं. नानाने स्वतः ऐकलं. सुकदेव तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचा. तिच्या ओठांवर आपलं नाव यायचं ते त्याला दिसायचं.

तीन आठवड्यांनी तो जीपवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, ती वाट बंद केलीय, आणि जमनाबेनला फाटकावरून काढलं. फाटक ज्यांच्या ताब्यात, त्या गावच्या समितीने सांगितलं, बाईने चुकीचं सांगून माणूस मारला. आता तिच्या घरी कोणी बसायला जात नाही म्हणे.

त्या संध्याकाळी सुकदेव जेवला नाही. मनीषाने ताट सरकवलं आणि त्याच्यासमोर बसली, त्याला दिसेल अशी. "शोभाले सांगा," ती म्हणाली. "मी येस संगे."

शोभाच्या खोलीत त्याने सगळं सांगितलं. कान, टाळ्या, थांब आणि थांबू नको. भटूने येऊ का विचारलं होतं तेही. एक पाय पाण्यात टाकून मागे घेतला तेही. शोभा मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत होती. तिचे हात थांबले नाहीत. मूठभर मिरच्या झाल्यावर तिने मान वर केली.

"त्यास्ले माहीत व्हतं? तुम्हले आयकू येत नही ते?"

"फक्त त्यालेच."

"आणि तरी तुम्हना हात देखीसन थांबनात."

सुकदेवला रडू फुटलं. तो तिच्या पायांशी वाकायला लागला तशी ती झटकन मागे सरली. मिरचीची परात कलंडली.

"मन्हासमोर रडीसन काय व्हई? तथा डांगमा जा. त्या बाईनं काय चुकनं? खरं सांगीसन या." मग ती मनीषाकडे वळली. पण सुकदेवकडे तोंड ठेवूनच बोलली, म्हणजे त्याला दिसावं. "तू येत जाय वं ताई. यास्ले आणू नको."

शनिवारी पाळी सोडून सुकदेव एकटा पहाटेच्या बसने गेला. चौकीत तोच जमादार होता. त्याने ऐकून घेतलं, मोठ्याने बोलायचं की हळू ते न कळून मध्येच आवाज चढवत, उतरवत.

"काका, केस तो बंध थई गयो छे. अकस्मात मौत. आता बदलून काय फरक?"

"माझ्यामुळे झालं, ते लिहा," सुकदेव म्हणाला. "तिने बरोबर सांगितलं होतं, ते लिहा."

तासाभराने जमादाराने एका साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. सुकदेवने सही केली, वर अंगठाही दिला. एक प्रत मागून घेतली आणि ती घेऊन जमनाबेनच्या पाड्यावर गेला.

ती उतारावरच्या शेतात नागली कापत होती. कागद तिने हातात घेतला, उलटसुलट बघितला. तिला वाचता येत नव्हतं. सुकदेवने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तिने विळा खाली ठेवला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली. एकेक शब्द सुटा करून बोलली.

"तू बहिरा आहे ते मला तेव्हाच कळलं."

"मग जमादाराला सांगितलं का नाही?"

"सांगून मेलेला उठला असता?" तिने कागदाची घडी घालून परत त्याच्या हातात दिली. "मी तुझ्याकडे बघून पुरं बोलायला पाहिजे होतं. मी पाण्याकडे बघितलं. मला रोज ते दिसतं."

तो म्हणाला, समितीकडे जाऊन सांगतो. ती म्हणाली, सांग, पण फाटकावर आता सरपंचाचा भाचा बसतो, तो उठणार नाही. सुकदेव तरी गेला. समितीतल्या म्हाताऱ्याने कागद ठेवून घेतला, चहा पाजला, आणि बघू म्हणाला.

सुकदेव नवागामला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. भटूच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत बघितलं, सामान हललेलं होतं. घरी मनीषा जमिनीवर बसली होती. तिने सांगितलं, दुपारी शोभाचा भाऊ आला, शिरपूरचा. तिला कायमची घेऊन गेला. मनीषा उधना स्टेशनपर्यंत पोचवायला गेली होती.

"काही म्हणाली?" सुकदेवने विचारलं.

मनीषाने दिव्याच्या उजेडात तोंड आणलं.

"इचारं तिनी. डांगमा गयात का ते, म्हणे. मी सांगं, गयात."

"मग?"

"मंग गाडी ऊनी, अन् ती बसी गई."